कच्चं मडकं, पक्का नेम

“हे मडकं कच्चं आहे!” आंबेदऱ्याचे राजे उदाजीराव भर बाजारात गरजले आणि त्यांनी आपल्या नव्याकोऱ्या हवेच्या बंदुकीच्या नळीवर ऐटीत फुंकर मारली.

भिकोबा कुंभाराच्या दुकानातलं सगळ्यांत देखणं मडकं ठिकऱ्या होऊन पडलं होतं. भिकोबा हात जोडून उभा होता. त्याची लेक सगुणा खाली बसून ठिकऱ्या गोळा करत होती आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

सगळा घोळ त्या बंदुकीचा! कुणा परदेशी पाहुण्याने ती भेट दिली, आणि छर्रा कशाकशातून आरपार जातो हे बघण्याचं सरकारांना वेडच लागलं. राजवाड्याच्या परसात रोज नवं निशाण टांगलं जाई. उडदाचे पापड एकावर एक रचून झाले, लाल भोपळा झाला, सुकं खोबरं झालं, भिजवलेल्या रद्दीचा गठ्ठा झाला. राणीसाहेबांचा चंदनी साबणसुद्धा सुटला नाही. दर गोळीला दिवाण त्रिंबकपंत “वाहवा, सरकार!” म्हणून टाळी वाजवत, मग ती गोळी पापडाला लागो, नाहीतर पापडामागच्या भिंतीला.

आता तेच दिवाणजी भिकोबावर खेकसले, “ज्वारीच्या दाण्याएवढा छर्रा, नि मडक्याचा चुराडा? सरकारांच्या मुलखात कच्चा माल खपवतोस?”

“मडकं टिचकी मारून पारखत्यात, सरकार, गोळी मारून न्हाई,” भिकोबा चाचरत म्हणाला.

“आम्ही गोळी मारूनच पारखणार!” राजे हट्टाला पेटले. “पुढच्या बाजारी असं मडकं आण, की आमच्या छर्ऱ्याने ते फुटणार नाही आणि छर्रा आरपारही जाणार नाही. लोखंड नाही, लाकूड नाही, आत काही भरायचं नाही. तुझी माती आणि तुझं चाक! नाही जमलं, तर ते चाक उचल आणि आमची हद्द सोड!”

सरकार गेले आणि त्यांच्यामागोमाग गिऱ्हाईकही गेलं. राजानेच कच्चं ठरवलेलं मडकं घेणार कोण?

घरी येऊन भिकोबाने डोक्याला हात लावला. “पोरी, माती ती मातीच. कशीबी भाजली तरी गोळीनं फुटणारच. आता गाढवावर बिऱ्हाड लादायचं, दुसरं काय!”

“गाढवाला इचारलंय का? त्येला हितलाच उकिरडा आवडतो,” सगुणा म्हणाली. “जरा दम धरा, आबा.”

बोलली खरी, पण तिलाही तोच घोर होता. हे गाव सोडून जायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी ती राजवाड्याच्या मुदपाकखान्यात माठ पोचवायला गेली. परसात भोकं पडलेल्या वस्तूंचा ढीग साचला होता, आणि म्हातारा आचारी त्याच्याकडे बघून कपाळ बडवत होता.

“मामा, या बंदुकीला पुरून उरलं असं कायच न्हाई का?” सगुणाने विचारलं.

“आहे की! माझा कणकेचा गोळा!” आचाऱ्याची कळी खुलली. “सरकारांनी परातीतून उचलून टांगला. छर्रा मारला, तो आतच गडप! असे चिडले म्हणतेस! म्हणाले, हे निशाणच नव्हे. मग मी काय कणीक फेकून देऊ? लाटल्या पोळ्या नि वाढल्या दिवाणजींना. त्यांची दाढ अजून ठणकतेय!”

सगुणा खो खो हसत सुटली. हसता हसता एकदम थांबली, आणि जी धूम ठोकली ती थेट आपल्या चाकापाशी!

बाजाराच्या दिवशी अख्खं आंबेदरे लोटलं. दिवाणजी सुजलेला गाल धरून हजर होते. सगुणाने डोक्यावरून मडकं उतरवून चौथऱ्यावर ठेवलं, त्यावरचं ओलं गोणपाट काढलं आणि ती बाजूला झाली.

“मारा, सरकार!”

राजांनी नेम धरला. थप्प! मडकं हाललं, पण फुटलं नाही. राजे धावत मागे गेले. मागे भोक नाही! परत छर्रा मारला. थप्प! आणखी एक. थप्प! शेवटी राजांनी मडक्यात बोट खुपसलं. ते चिखलाने माखून बाहेर आलं.

“अगं, हे तर ओलं आहे!”

“व्हय, सरकार. आत्ताच चाकावरनं उतरवलंय. थापून पातळ केलं न्हाई, म्हणून जाड. वाळवलं न्हाई, म्हणून मऊ. आन् भट्टी तर त्यानं बघितलीच न्हाई.”

“फसवणूक!” दिवाणजी किंचाळले. “सरकार, हे कच्चं मडकं आहे!”

“आत्ता कसं बोललात, दिवाणजी!” सगुणाने कमरेवर हात ठेवले. “कच्चं मडकं सरकारांच्या गोळीनं फुटत न्हाई, ह्ये समद्या बाजारानं बघितलं. मग मागल्या बाजारी ज्याच्या ठिकऱ्या झाल्या, ते कसलं होतं?”

मग मिरच्यांच्या ढिगामागून एक म्हातारी ओरडली, “पक्कं!”

“पक्कं! पक्कं!” सगळा बाजार गर्जला.

राजांचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ थरथरले, आणि मग ते असे हसले, असे हसले, की पगडी कानावर आली. “हरलो गं बाई, हरलो! भिकोबा, राजवाड्याचे सगळे माठ आजपासून तुझेच! आणि तळ्याकाठची चिकणमाती पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या घरची!” त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं. भिकोबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“आता ती टिचकी कशी मारायची, तेवढं शिकव,” राजे म्हणाले.

“टण्ण वाजलं तर पक्कं, ठप्प वाजलं तर कच्चं,” म्हणत सगुणाने भाजलेलं मडकं पुढे केलं. राजांनी टिचकी मारली. टण्ण! राजे लहान पोरासारखे खूश झाले. मग काय, दुकानातल्या एकेका मडक्यावर टण्ण, टण्ण, टण्ण! मडकी संपली तरी हौस फिटेना. शेवटी त्यांनी वळून एक टिचकी त्रिंबकपंतांच्या टकलावर मारली.

ठप्प!

“दिवाणजी,” राजे पोट धरून हसत म्हणाले, “तुम्ही मात्र अजून भाजायचे राहिलात!”