गावभर हिंडून आलेला विस्तव

फार फार वर्षांपूर्वी खाडीच्या काठाला एक गाव होतं. त्याचं नाव आता कोणालाच आठवत नाही. आठवते ती त्या गावची एक रीत.

प्रभू येशूच्या मरणाचा शुक्रवार सरला, की शनिवारी दिवस मावळताना गावातली प्रत्येक चूल विझवायची. रात्रभर सारं गाव गार. मग रविवारी, प्रभूच्या पुन्हा उठण्याच्या सणाला, उजाडण्याआधी पाद्रीबाबा देवळाच्या दाराशी चकमक झाडायचे. त्या ठिणगीवर आधी देवळातली मोठी मेणबत्ती पेटायची, मग देवळाशेजारच्या घराची चूल. त्या घरानं पुढच्या घराला विस्तव द्यायचा, त्यानं त्याच्या पुढच्याला. असा तो खापरातून, हातोहात, खाडीलगतच्या शेवटच्या घरापर्यंत पोचायचा. देणारी म्हणायची, "प्रभू उठला आहे." घेणारी म्हणायची, "खरंच उठला आहे." मग दोघी हसायच्या आणि तिसरीच्या दाराकडे निघायच्या.

पण एका दारापाशी हा विस्तव थबकायचा. ते दार साबीनाचं.

साबीनाचं घर शेवटच्या घराच्या अलीकडचं; शेवटचं घर मार्थाचं. तिला एकच मुलगा होता, मानवेल. तो खाडीत नाव चालवायचा. एके सकाळी त्यानं आईसाठी चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं आणि तो काठावर गेला. शेजारच्या मार्थाची म्हैस चिखलात रुतली होती आणि भरती चढत होती. मानवेल पाण्यात उतरला. म्हैस सुटली. मानवेल सुटला नाही.

त्याला पुरून साबीना घरी आली, तेव्हा चुलीत राखेखाली निखारे अजून लाल होते. ते बघून ती खाली बसली. त्या दिवसापासून तिनं ती चूल विझू दिली नाही. रात्री राखेखाली निखारे झाकायचे, पहाटे फुंकर घालून जागे करायचे. चूल सोडून ती बाजाराला जाईना, लग्नाला जाईना, देवळातही जाईना. लोक पूर्वी तिला मानवेलची आई म्हणायचे. आता काय म्हणावं ते कोणाला कळेना, म्हणून हळूहळू तिला कोणी हाकच मारीनासं झालं.

पहिल्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबा तिच्या दारात आले.

"बाई, आज चुली विझवतात," ते हळूच म्हणाले.

"माझ्या लेकानं पेटवलेलं एवढंच राहिलंय, बाबा. हे विझवून देवाला काय मिळणार?"

 पाद्रीबाबा थोडा वेळ तिच्याजवळ बसले आणि गेले. पुढे कोणी तो विषय काढला नाही. साबीनाचं दार वगळून मार्था शेतातून वळसा घालून जायची आणि पलीकडच्या घरून आपला विस्तव आणायची. दोघींमध्ये एक कुंपण होतं, पण बोलणं नव्हतं. रोज संध्याकाळी ती म्हैस हंबरली, की साबीना कानांवर पदर ओढून घ्यायची आणि तिला शिव्या घालायची.

अशी काही वर्षं गेली.

मग एका वर्षी, सणाच्या आदल्या रात्री, खाडीवरून दाट धुकं गावावर चढलं. भिंती ओल्या झाल्या, लाकडं ओली झाली, चकमकीसोबतचा कापूसही दमट झाला. पहाटे पाद्रीबाबा चकमक झाडत राहिले आणि ठिणग्या कापसावर पडून मरत राहिल्या. बायका रिकामी खापरं घेऊन गारठत उभ्या राहिल्या.

त्याच वेळी साबीनाच्या दारात पाऊल वाजलं. मार्था होती. तिच्या हातात रिकामं खापर होतं.

"विस्तव हवा होता," मार्था म्हणाली.

"आज विस्तव देवळात मिळतो."

"तिथे पेटत नाही. धुक्यानं सारं भिजलंय." मार्था उंबऱ्याबाहेरच थांबली होती. "सून बाळंत झालीय. पोर गार पडलंय, रडत नाही. पोटाशी धरलं, पण माझ्याच अंगात ऊब नाही."

साबीनानं चुलीकडे पाहिलं. त्या दमट रात्रीत तिचेही निखारे जेमतेम तगले होते. राखेत ओंजळभरसुद्धा नव्हते. त्यातले अर्धे काढले, तर उरलेले तगणार नव्हते. अर्धे नेले, तर वाटेतच विझणार होते.

तिचा हात निखाऱ्यांवर राख ओढू लागला.

"राहू दे," मार्था म्हणाली. "कळतंय मला. मी मागायलाच नको होतं." आणि ती वळली.

तेवढ्यात कुंपणापलीकडे म्हैस हंबरली. साबीनाचा हात सवयीनं पदराकडे गेला आणि मध्येच थांबला. तिला मानवेलची ती सकाळ आठवली. काठावर आरडाओरडा झाला तेव्हा तो नुसता धावला होता. म्हैस कोणाची, हे त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

"थांब," साबीना म्हणाली. "तुझे हात कापताहेत. सांडशील."

तिनं चिमट्यानं निखारे उचलले. एक, मग दुसरा, मग सगळेच. खापरात ठेवून ते वरून राखेनं झाकले आणि खापर छातीशी धरून, इतक्या वर्षांनी, ती मार्थाच्या घरात शिरली. मार्थाची चूल तिनंच मांडली. तिथलं लाकूड धुमसू लागलं, पेटेना. साबीना जमिनीवर आडवी पडून फुंकर घालत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहिलं, केसांत राख गेली. शेवटी ज्वाळ उठली. बाळाला शेकलं, कोमट फडक्यात गुंडाळलं. बराच वेळ सगळ्या त्याचे तळपाय चोळत राहिल्या. मग ते पोर असं रडलं, की पार देवळापर्यंत ऐकू गेलं.

त्या गडबडीत साबीना गुपचूप घरी परतली. चुलीत राख होती. तिनं बोटांनी राख उकरली, तळापर्यंत उकरली. सगळी गार. मानवेलला पुरताना ती रडली नव्हती. आता मात्र चुलीशेजारी जमिनीवर पडून ती रडली.

तिला कळलं नाही, की बाळाचं रडणं ऐकून देवळाजवळची माणसं मार्थाच्या घराकडे धावली होती. तिथे जळती चूल पाहून पाद्रीबाबांनी तिच्यातूनच विस्तव घेतला. देवळातली मोठी मेणबत्ती त्यावर पेटली. मग रीतीप्रमाणे तो पहिल्या घरात गेला, तिथून दुसऱ्यात, आणि घरोघर पुढे सरकत राहिला. आणि त्या वर्षी, साबीनाच्या अलीकडच्या दाराशी तो आला, तेव्हा मार्था पुढे झाली. "तिथे मी नेते," ती म्हणाली.

"साबीने," दारातून हाक आली.

साबीना दचकली. कित्येक वर्षांत तिला कोणी नावानं हाक मारली नव्हती.

"साबीने, ऊठ. चूल पेटवायचीय."

"विझली माझी," साबीना म्हणाली.

"म्हणून तर आणलाय."

साबीनानं मान वर केली. मार्थाच्या खापरात निखारे होते, टपोरे, लालभडक. "कोणाचा हा?"

"मानवेलचा," मार्था म्हणाली. "देवळात जाऊन आला, गावभर हिंडला. आता घरी आलाय."

साबीना उठून बसली. उघड्या दारातून तिला गाव दिसलं. धुकं विरत होतं आणि प्रत्येक छपरातून धूर वर चढत होता. एकाही घरातली चूल तिच्या लेकाच्या विस्तवावाचून नव्हती. इतकी वर्षं ती जणू थडग्याशी बसली होती, दारावरचा दगड आपल्याच हातांनी धरून. आणि तो तर तिथे नव्हताच.

"प्रभू उठला आहे, साबीने," मार्था म्हणाली. 

साबीनानं दोन्ही हात पुढे केले. "खरंच उठला आहे," ती म्हणाली.

चूल पेटली. दोघी धुरात डोळे पुसत बसल्या.

"माझ्या म्हशीला फार शिव्या घातल्यास तू," थोड्या वेळानं मार्था म्हणाली. "कुंपणातून ऐकू यायच्या."

"अजून घालीन. ती ओरडते किती."

"घाल. पण व्याली की खरवस पहिला तुझ्याकडे येईल, तो मात्र खा."

त्या बाळाचं नाव मानवेल ठेवलं. पुढच्या वर्षी शनिवारी, दिवस मावळताना, गावात सगळ्यांच्या आधी साबीनानं आपल्या चुलीवर स्वतःच्या हातानं पाणी ओतलं.  मग रिकामं खापर घेऊन ती पहाटे देवळाच्या दाराशी जाऊन उभी राहिली, आणि आपला विस्तव मिळाल्यावर तो शेवटच्या घरी तिनंच पोचवला. मार्थाला पुन्हा कधी शेतातून वळसा घालावा लागला नाही.

बोध हा, की ज्याला गेलेलं समजून आपण कवटाळून बसतो ते दुसऱ्याच्या जिवासाठी मोकळ्या हातानं देऊन टाकलं, तर प्रभू ते जिवंत करून आपल्याच दारी परत आणतो.