तीन वेळा न्हाणीघर

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर मनातून चांगलीच रुसली. गुरू-शिष्या म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच पर्णकुटी उभी राहील, पण तसे काही नाही. जिल्ह्याच्या एका गावी धर्मादाय रुग्णालय होते. त्याच्या तळमजल्यावरच्या नोंदींच्या खोलीत हे दोघे बसत. गुरू म्हणजे खानविलकर सर, सत्तरी ओलांडलेले. शिष्या म्हणजे केतकी, परगावाहून आलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. डॉक्टरांनी लिहिलेला प्रत्येक आजार, प्रत्येक इजा ठरावीक क्रमांकात बसवायची, हे त्यांचे काम. इजा घरात झाली असेल तर घरात नेमकी कुठे, यालाही क्रमांक असतो. स्वयंपाकघराचा वेगळा, जिन्याचा वेगळा, न्हाणीघराचा वेगळा.

केतकीचा हात भलता चलाख होता. केसपेपरवर नुसते ‘घरी पडल्या’ असले आणि रुग्ण म्हातारी बाई असली, की ही डोळे झाकून न्हाणीघराचा क्रमांक टाकी. म्हातारी माणसे तिथेच घसरतात, हे तिने गृहीतच धरले होते. बरे, पुष्कळदा ते खरेही निघे, त्यामुळे खोड पक्की झाली.

अशात मनोरमाबाई नावाच्या आजी वर्षात तिसऱ्यांदा दाखल झाल्या. या वेळी मनगट मोडले होते. पुन्हा पडल्या तर खुबा जाईल आणि मग त्या अंथरुणातून उठायच्या नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडायचे होते. केतकीने तिसऱ्यांदा न्हाणीघर लिहिले.

सरांनी ती नोंद पाहिली आणि आधीच्या दोन्ही काढून शेजारी ठेवल्या. मग म्हणाले, “वर वॉर्डात जा. कागद-पेन इथेच ठेव. त्या बाईंच्या घराचा नकाशा तुला तोंडपाठ सांगता येईल, तेव्हाच परत ये.”

आता सांगा, टेबलावर केसपेपरांचा ढीग पडलेला असताना याला काय म्हणायचे? सरांचे डोके वयोमानाने फिरले असावे, असे पुटपुटत केतकी जिना चढली.

आजींना तर बोलायला माणूसच हवे होते. यजमान जाऊन सहा वर्षे झालेली, मूलबाळ नाही. त्यांनी दोन खोल्यांचे आपले घर असे काही दाखवले की केतकी त्यात हिंडूनच आली. चुलीचा ओटा, खिडकीतली कोरफड, बाहेरच्या खोलीतला एकच पाट. न्हाणीघराशी आल्यावर आजी म्हणाल्या की रुग्णालयाने दोनदा माणूस पाठवून तिथे धरायचे दांडे बसवून दिले, फार सोय झाली, टॉवेल छान वाळतात. केतकीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिच्याच नोंदी वाचून तो माणूस गेला होता, आणि आजी न्हाणीघरात एकदाही पडल्या नव्हत्या.

मग कुठे पडलात, असे तिने विचारले, तेव्हा आजी पांघरुणाची कड चाचपत राहिल्या.

“मधल्या दारात,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “जिन्यावर पावलं वाजली की वाटतं, आपल्याकडंच कुणी आलं. दार उघडेपर्यंत माघारी जायला नको म्हणून धावते आणि उंबऱ्याला पाय अडकतो. तिन्ही वेळा वरच्या मजल्यावरचेच लोक होते, बाई. हे डॉक्टरांना काय सांगायचं?”

पावलांकडे कान लावून बसणे म्हणजे काय, हे केतकीला या परक्या गावात पुरते ठाऊक झाले होते.

खाली येऊन तिने सगळे सांगितले, तीन क्रमांक खोडले आणि मान खाली घालून उभी राहिली. सर रागावले नाहीत.

“माझा थोरला भाऊ असाच एकटा राहायचा,” ते म्हणाले. “पडला की मी जायचो. कसा आहेस, हे दर वेळी विचारलं. कुठे पडलास, हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्या घरात त्याच्यामागून चार पावलं चाललो असतो. आपल्या कामात जागा लिहितात ती एवढ्यासाठीच, केतकी. ती अंदाजाने भरली, की माणूस जिथे पडतो तिथे कुणी पोचतच नाही.”

त्याच दुपारी रुग्णालयातल्या समाजसेविकेला सांगून, आजींची किल्ली देऊन सुतार पाठवला गेला आणि मधला उंबरा तासून सपाट झाला. काम झाले, असे कुणीही म्हणाले असते. पण धावण्याला क्रमांक नव्हता आणि त्याला सुतारही नव्हता. हे केतकीला खोलीवर एकटीने जेवताना कळले.

रविवारी ती पत्ता शोधत आजींच्या घरी गेली. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबली आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, “आजी, मी केतकी. तुमच्याकडेच आलेय. सावकाश या, मी कुठे जात नाही.”

दार उघडायला पुष्कळ वेळ लागला.