मान हलवणारा वर्ग

“काहीच समजत नाही, तर ही मुलं फिजिक्सला येतात कशाला, सर?”

होनराव सर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा त्यांचाच जुना विद्यार्थी, डॉ. अद्वैत रणदिवे. इंग्रजी शाळेत शिकलेला, परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला, आणि आता सरांच्याच जुन्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीतून शिकवणारा. रागाने नुसता धुमसत होता.

पहिल्या सत्रात निम्मा वर्ग नापास झाला होता. रेणुका सुरवसे नावाच्या मुलीला उत्तर आलं नाही, म्हणून याने तिला तासभर फळ्यापाशी उभं केलं आणि फिजिक्स हे तुझं काम नाही, असं सगळ्यांदेखत सुनावलं. आज ती कॉलेज सोडून चालली होती. वडील न्यायला आले होते, पाचच्या एसटीने दोघं गावी जाणार होते. आणि या गृहस्थाला दुःख कशाचं, तर प्राचार्यांनी आपल्याला जाब विचारला याचं!

“मी रोज विचारतो, समजलं का? सगळे माना हलवतात. तीही हलवायची. आणि पेपर कोरा. हा खोटेपणा आहे, सर.”

हातातली शेंग खाली ठेवून सरांनी एकदम शिकवायलाच सुरुवात केली. वर्गात शिकवत तसंच, पण भरभर. द्रवणांक, अप्रकट उष्मा, विशिष्ट उष्माधारकता. दाब वाढला की काय होतं, दाब काढला की पुनर्हिमायन कसं होतं. एक इंग्रजी शब्द नाही, एक उसंत नाही.

“समजलं?”

अद्वैतने मान हलवली.

“पुनर्हिमायन लक्षात आलं ना? सगळं त्यावरच आहे.”

“हो, सर.”

“मग सांग मला.”

अद्वैतचे कान लाल झाले.

“तुमच्यासमोर नाही कसं म्हणणार, सर?” तो शेवटी पुटपुटला.

आता मात्र सरांचा आवाज चढला.

“इथे आपण दोघंच आहोत. तुला कोण नापास करणार आहे? फळ्यापाशी कोण उभं करणार आहे? तरी तुझ्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. त्या पोरीनं भरल्या वर्गात म्हणायला हवं होतं, तेही तुला? आणि वर तिला खोटारडी म्हणतोस. लाज वाटू दे थोडी.”

“पण सर, हे शब्दच मी कधी ऐकले नव्हते.”

“मराठी शाळेतल्या दहावीच्या पुस्तकातले आहेत. तुझ्या नापास पोरांना ते झोपेतून उठवून विचारलेस तरी येतील.”

अगदी हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, अद्वैतने विचारलं,

“पुनर्हिमायन म्हणजे काय, सर?”

सरांनी शेंगांची परडी पुन्हा पुढ्यात ओढली.

“मला नको विचारूस. पाचची गाडी सुटायच्या आत जा, आणि तिला विचार.”