माकुलं आणणारी सुरय

फार पूर्वी, समुद्रात माणसाची होडीही नव्हती तेव्हा, किनाऱ्यापासून दूर एका खडकावर सुरय पक्ष्यांची वस्ती होती. खडकाभोवती तारली मासे मुबलक, म्हणून सगळे तिथेच सूर मारत. चंद्री नावाची सुरय तेवढी खोल समुद्रावर जाऊन मऊ अंगाची, दहा हातांची माकुलं आणायची.

“चंद्राक्का, दारात तारल्या असताना एवढ्या लांब कशाला मरायला जातेस?” शेजारची रेवा विचारायची.

“अगं, तारली वळते डावीकडे आणि मी पडते उजवीकडे. माकूल कुठं पळणार ते मात्र मला बरोबर कळतं.”

एका वर्षी तारल्या फिरकल्याच नाहीत. पिल्लं ओरडून ओरडून गप्प झाली. चंद्रीचं पिल्लू तेवढं गुबगुबीत होतं. थव्याच्या म्होरक्यानं फर्मान काढलं, “उद्यापासून सगळ्यांनी माकुलंच आणायची!”

सगळे चंद्रीमागे गेले. माकुलांनी त्यांना दमवलं, पण चोचीत काही आलं नाही. रेवा तर अर्ध्या वाटेतच थकून एका तरंगत्या ओंडक्यावर बसली. ओंडक्याच्या सावलीला बारीक मासे जमले होते. तिनं ते चोचभर उचलले आणि घरी आणले.

म्होरक्या खूश झाला. “ठरलं तर! उद्यापासून सगळ्यांनी ओंडकेच शोधायचे...”

“आता बास करा, दादा,” चंद्री म्हणाली. “मी चालले माकुलांना. बाकीच्यांनी आपापलं बघा.”

थवा उडाला. म्होरक्याचं ऐकायला खडकावर पिल्लंच उरली, आणि तीही चोची वासून, ज्याची आई जिकडे गेली तिकडे, बघत बसली होती.