दोन मिनिटांचं काम

मी वर्गात हजेरी घेत होतो, तेव्हा शिपाई बातमी घेऊन आला. माझा धाकटा भाऊ मुकुंद नळकाम करायचा. कुणाच्या तरी मैल्याच्या टाकीत तो उतरला आणि आतल्या वायूनं गेला.

वर्षभरानं आमच्याच सोसायटीत तळमजल्याच्या संडासांत पाणी तुंबलं. अध्यक्ष खासनीसांनी सफाईला आलेल्या येसाजींना टाकीचं झाकण दाखवलं.

"उतरा आत. दोन मिनिटांचं तर काम."

"साहेब, आत विषारी हवा असते."

"काही होत नाही हो! मी सांगतोय ना?"

येसाजींनी पंच्यानं घाम पुसला. "बरं. मग तुम्ही इथंच, मोकळ्या हवेत, नाक-तोंड दाबून दोन मिनिटं उभे राहा. जमलं तर मी उतरतो. मास्तर, घड्याळ बघा."

सगळे सभासद बघत होते. खासनीसांना नाक दाबावंच लागलं. चाळिसाव्या सेकंदाला त्यांनी मोठ्यानं हवा ओढली आणि खोकत पायरीवर बसले. कुणी हसलं नाही.

येसाजींनी टाकीच्या अलीकडच्या चेंबरचं झाकण उचललं. आत कोरडं होतं. म्हणजे टाकी भरली नव्हती, पाणी त्याआधीच्या पाइपात अडलं होतं. त्यांनी बाहेरूनच लांब सळई घातली आणि चिंध्यांचा बोळा ओढून काढला. पाणी गडगडत गेलं.

मी अजून घड्याळ धरून उभा होतो. मुकुंद उतरला त्या दिवशी तिथं कुणीच कुणाला श्वास रोखायला सांगितलं नव्हतं.