गैरहजरांचं एकमत

मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या आमच्या गावच्या संस्थेचे अध्यक्ष खळदकर स्वतःच्या कारभारावर बेहद्द खूश होते. सभेला ते एकटेच बसत, ठराव सांगत, आणि मग शिपाई वही घेऊन आठ विश्वस्तांच्या घरोघर सह्यांना जाई. वहीत मात्र दरवेळी 'साधकबाधक चर्चेअंती एकमताने मंजूर'!

मोठी देणगी मंजूर करण्याआधी कारभार तपासायला टपालेबाई आल्या. त्यांनी सुचवलं, "इथे बरं झालेलं एक माणूस विश्वस्तांत हवं. सभेची वही लिहिणाऱ्या या यमुनाताईंनाच घ्या की."

खळदकर खो खो हसले. "अहो, हिला समोर नसलेल्या माणसांची बोलणी ऐकू यायची! हिच्या हाती संस्था द्यायची?"

यमुनाताईंनी सभेची वही शांतपणे टपालेबाईंपुढे उघडून ठेवली.

"खरं आहे, साहेब. पण मी गोळ्या घेतल्या आणि ती माणसं गप्प झाली. तुमच्या सभेत नसलेली आठ माणसं अजून चर्चा करतात, आणि ती मला लिहून घ्यावी लागते. शिवाय माझी माणसं निदान आपसांत भांडायची तरी!"