तिळभर फरक

“...मग मासे का येत नाहीत, बुवा? वरच्या डोहात नि यात तिळभर तरी फरक आहे का? दाखवा मला!”

उन्मेष टिपणीसने हातातली काठी रेतीत आपटली. चिडायला कारणही होतं. वाळूवाल्यांनी हा खालचा डोह पार ओरबाडून नेला, तेव्हा त्याने धोंडबुवांच्या पायाशी शपथ घेतली होती: इथे पुन्हा मासे आणीन, नाहीतर तोंड दाखवणार नाही.

आणि त्याने काय कमी केलं होतं? बुवांच्या मठीजवळ वरचा डोह, देवाच्या माशांचा. तिथे कुणी गळ टाकत नाही. हिवाळ्याच्या तोंडावर उन्मेषने तिथलं पाणी माशांसकट आठवडाभर वळवलं आणि उघड्या तळाचे बाराशे फोटो काढले. कॉम्प्युटरने ते जोडून गोट्यागोट्याचा उंचवटा, खाचेखाचेची खोली मिळवून दिली. त्यावरून साचे केले, साच्यांतून सिमेंटच्या लाद्या पाडल्या आणि इथे तळाला बसवल्या.

आता होळी आली. मासे राहू देत, एक बेडूकही फिरकला नव्हता.

बुवा वाकले. पाण्यात हात घालून लादीवरून बोटं फिरवत राहिले.

“शेवाळ?”

“ते नाही घेतलं.”

“का रे?”

“शेवाळाखाली दगडाचं माप चुकतं. म्हणून वरच्या डोहात आधी सगळं तारेच्या ब्रशाने घासून काढलं.”

“...मी नको म्हणालो होतो.”

“शेवाळ काय, पुन्हा येतं, बुवा! मासेही येतात.”

“नंतर वर गेला होतास?”

“कशाला? सगळा डोह कॉम्प्युटरात आहे माझ्या.”

बुवांनी हात धोतराला पुसला आणि वरची वाट धरली. उन्मेष धुसफुसत मागे गेला. इतकं राबल्यावर हे असं परीक्षेला बसवणं त्याला मुळीच पटलं नव्हतं.

वरच्या डोहाशी बुवांनी कनवटीचे मूठभर तांदूळ काढून त्याच्या ओंजळीत घातले.

“टाक.”

एरवी तांदूळ पाण्याला लागायच्या आत हातभर लांबीचे मासे उसळायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उन्मेष घाबरून मागे सरला होता.

त्याने तांदूळ टाकले.

दाणे सावकाश खाली गेले. घासलेल्या दगडांवर जाऊन बसले. वरून एकेक दाणा मोजता येत होता.

...

“कधीपासून?” उन्मेषने विचारलं.

“तू पाणी परत सोडलंस त्या दिवसापासून. मी रोज टाकतो.”

“मग मला बोलावलं का नाही तुम्ही? शिव्या का नाही घातल्या?”

चाळीस वर्षांत कुणी बुवांना संतापलेलं पाहिलं नव्हतं. ते संतापले होते.

“शिव्या कशाला?” ते म्हणाले. “खरं तेच सांगत होतास की. दोन्ही डोहांत आता तिळभर फरक नाही.”